पूर्ववर्धकाची निवड

मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडिली असतां एकच स्वर निघत नाहीं. मूळ स्वरासवें अनेक उपस्वर निनादतात. घोडीवर तारेखालीं सरकविलेल्या सुताच्या धाग्यानें ते खुलतात. त्यास जवारी म्हणतात. सातारा-सांगलीकडील जे विद्यार्थी घरीं ध्वनिवर्धक जुळवितात, त्यांनीं हीच जवारी कसोटी मानावी. सदोष यंत्र स्वतःचे उपस्वर तींत मिसळतें. मग वाद्याचें कोणतें व यंत्राचें कोणतें, हें कानास उमगत नाहीं.

मुख्य वर्धकास पूर्ण शक्तीनें चालण्यास सामान्यतः एक व्होल्ट लागतो. मायक्रोफोन मात्र दोनचार मिलिव्होल्टच देतो. दोन मिलिव्होल्टांचा एक व्होल्ट करणें म्हणजे पांचशेपट वाढ झाली. ती करणारा पूर्वभाग तोच पूर्ववर्धक, म्हणजे प्रीअँप्लिफायर. त्याची निवड करतांना तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, ध्वनि कोठून येणार? तबकडीच्या क्रिस्टल पिकअपपासून कित्येकशें मिलिव्होल्ट मिळतात, पण त्यास सुमारें दहा लक्ष ओहमांचा प्रवेशरोध हवा. तो कमी पडल्यास खर्जाचे स्वर क्षीण होतात. चुंबकीय पिकअप पांचएक मिलिव्होल्ट देतो व त्यास ४७ हजार ओहम पुरतात. शिवाय लांब वाजणाऱ्या तबकड्यांवर खर्ज दाबून व तीव्र स्वर चढवून कोरलेले असतात. पूर्ववर्धकानें तें उलट करून द्यावें लागतें. याचें प्रमाण १९५४ सालीं ठरलें. मिरजेस राहिलेले खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या मूळ तबकड्या त्यापूर्वींच्या असल्यामुळें त्यांस हें प्रमाण तंतोतंत जुळत नाहीं.

दुसरा प्रश्न, खरखर किती? पहिल्या टप्प्यांत शिरलेली खरखर पुढें प्रत्येक टप्प्यांत ध्वनीबरोबरच वाढते. म्हणून पहिला टप्पा सर्वांत शांत असावा. घरच्या विजेची ५० किंवा १०० आवर्तनांची घुरघुर टाळण्यासाठीं ट्रान्सफॉर्मर दूर ठेवावा, जाळीची तार वापरावी आणि सर्व अर्थ एकाच ठिकाणीं जोडावे.

तिसरा प्रश्न, ध्वनि निर्भेळ राहतो काय? निर्गत ध्वनीचा अंश उलट दिशेनें प्रवेशाकडे परतविला, तर वाढ घटते, पण विकृतीही घटते. ही युक्ति हॅरोल्ड ब्लॅक यांस १९२७ सालीं सुचली. म्हणून पांचशेपट वाढ एका दमांत न करितां पंचवीसपट व वीसपट अशा दोन टप्प्यांत करावी. प्रत्येक टप्प्यास परतफेडीसाठीं भरपूर शिल्लक राहते.

यावरून निर्णय सोपा होतो. मायक्रोफोनसाठीं एनई ५५३२ ही आयसी घ्यावी. तिची खरखर अल्प असून आठ पायांत दोन वर्धक सामावलेले असतात. क्रिस्टल पिकअपसाठीं टीएल ०७२ बरी. तिचा प्रवेशरोध फार मोठा असतो. व्हॉल्व्हचा पूर्ववर्धक मोहक खरा, परंतु त्यास दोनअडीचशें व्होल्ट लागतात व ते प्राणघातक ठरूं शकतात.

पालकांसही एक विनंति. वरील दोन्ही आयसी नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्यांवर उत्तम चालतात. त्यांत धक्क्याचें भय नाहीं आणि घुरघुरही नाहीं. मुलाचें पहिलें यंत्र असेंच असावें. २३० व्होल्टांची जोडणी मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच व्हावी. हौस मोठी असली तरी जीव त्याहून मोठा आहे.