मळे सरकारचे, देणी कुणाची?

महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ १९६३ साली निघाले ते ऊस पिकवण्यासाठी. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांचे मळे सरकारकडे आले. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, रावळगाव, वालचंदनगर ही त्यांतली ठळक नावे. तुकडे पाडून वाटले तर कारखान्यांचा ऊस तुटेल, म्हणून सलग मळे एका सरकारी कंपनीच्या हाती ठेवले. हेतू रास्त होता. पण या मळ्यांची घडी कालव्याच्या हुकमी पाण्यावर बसलेली होती. प्रवरा नदीवर १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी पुढे गावोगावच्या शेतकऱ्याला हवे झाले. त्याच प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५०-५१पासून गाळप करू लागला होता. स्वतःच्या कारखान्याला स्वतःचा ऊस घालणाऱ्या सभासदापुढे पगारी मजुरांवर चालणारा सरकारी मळा टिकला नाही. राज्यात साखर वाढली आणि मळे खंगत गेले.

मग महामंडळाने संयुक्त शेतीची वाट धरली. निविदा काढायची आणि ठरावीक मुदतीसाठी जमीन खासगी भागीदाराला द्यायची. अलीकडे शिर्डीजवळ सावळीविहीर येथे महामंडळाच्या जमिनीवर औद्योगिक वसाहतही येऊ घातली आहे. सरकारने ऊस लावत बसू नये, हे म्हणणे मला मान्य आहे. माझा आग्रह एवढाच, की नव्या धंद्याच्या उत्पन्नावर पहिला हक्क जुन्या देण्यांचा असावा. या मळ्यांतली बरीच जमीन शेतकऱ्यांनी कारखान्यांना केवळ खंडाने दिलेली होती. कायद्याच्या फेऱ्यात ती त्यांच्या हातून गेली. कॉम्रेड माधवराव गायकवाडांसारख्यांनी या खंडकरी शेतकऱ्यांचा लढा आयुष्यभर लढवला, तरी जमीन परत मिळू लागायला २०१२ साल उजाडले. मळ्यांवर राबलेल्या कामगारांची राहत्या जागेसाठी दोन गुंठ्यांची मागणीही जुनीच आहे.

यावर आक्षेप येतो, की जुने हक्क उकरत बसलो तर उद्योग खोळंबतील. याचे उत्तर इंदूरमध्ये सापडेल. तिथली हुकुमचंद मिल ही कापड गिरणी नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये दिले गेले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. शहराच्या मधोमध असलेली इतकी मोलाची जमीन तीन दशके अडकून राहिली, कारण देणी फिटली नव्हती. देणी लांबवल्याने मिटत नाहीत, उलट जमीनच अडते. त्यातले कित्येक कामगार पैसे हाती येण्याआधीच वारले, ही हानी कुठल्याही प्रकल्पाने भरून येणार नाही.

जमीन सार्वजनिक आहे, मग तिचे मोल मूठभरांना का, असेही विचारले जाते. पण ती सार्वजनिक झाली तीच शेतकऱ्याची मालकी आणि कामगाराचे श्रम घेऊन. म्हणून महाराष्ट्र सरकारने महामंडळाची जमीन यापुढे ज्या आदेशाने कुणाला द्यायची, त्याच आदेशात खंडकरी आणि कामगारांच्या देण्यांची रक्कम, जागा आणि तारीख लिहावी.