बाराच्या बारा बरे कसे झाले?

‘कर्करोग गायब!’ हा मथळा २०२२ मध्ये तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन धडकला असेल. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात डोस्टार्लिमॅब हे औषध घेतलेल्या बाराच्या बारा रुग्णांच्या गुदाशयातल्या गाठी दिसेनाशा झाल्या, हे खरंच आहे. पण या बाराजणांना निवडलं कसं, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या गाठींतल्या पेशींना डीएनए उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करता येत नव्हत्या. गुदाशयाच्या कर्करोगाचे असे रुग्ण शंभरात जेमतेम पाच-दहा.

एरवी ही दुरुस्ती अफलातून चालते. विभाजनाआधी पेशीला डीएनएतल्या अक्षरांच्या सुमारे सहाशे कोटी जोड्या उतरवाव्या लागतात. त्यात जी समोर सी ऐवजी टी बसला, की एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिनांची जोडगोळी तिथे येऊन चिकटते. खरा पेच पुढेच आहे. खोडायचं काय, जी की टी? चुकून मूळ अक्षरच खोडलं, तर चूक कायमची!

ई. कोलाय जिवाणूत डीएनएच्या जुन्या धाग्यावर मिथाइलच्या खुणा असतात, त्यावरून खोडायचा नवा धागा कळतो. ड्यूक विद्यापीठाचे पॉल मॉड्रिच यांनी ही सगळी यंत्रणा परीक्षानळीत चालवून दाखवली. २०१५च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. माणसाच्या पेशीला या खुणांचा उपयोग नाही. ती नव्या धाग्यातल्या, अजून न सांधलेल्या फटींवरून तो धागा ओळखते. पीएमएस-२ हे प्रथिन त्याच धाग्याला आणखी छेद देतं, हेही मॉड्रिच यांच्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवलं. मग एक्सओ-१ हे एन्झाइम एका अक्षरापायी शेकडो अक्षरं कुरतडतं आणि तेवढा मजकूर नव्याने लिहिला जातो. उधळपट्टीच, पण चुका शंभरपटीहून अधिक घटतात.

ही दुरुस्ती घराण्यातच बिघडलेली असली तर? १८९५ मध्ये मिशिगनचे डॉक्टर वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, आमच्या घरात सगळे कर्करोगानेच जातात, मीही जाणार. ती तशीच गेली. तिच्या घराण्यात एमएसएच-२च्या जनुकातला बिघाड सापडायला शतक उलटलं.

दुरुस्ती बंद पडलेली गाठ चुकांनी भरते, विचित्र प्रथिनं बनवते आणि त्यामुळेच प्रतिकारशक्तीच्या नजरेत येते. औषध फक्त त्या शक्तीला लागलेला ब्रेक सोडतं. ज्या गाठीत चुकाच थोड्या, तिथे या चमत्काराची आशा फारशी नाही. तेव्हा औषधाच्या किमतीची चौकशी करण्याआधी डॉक्टरांना ‘एमएमआर’ (मिसमॅच रिपेअर, म्हणजे हीच दुरुस्ती) चाचणीबद्दल विचारा. गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनांचे रंग चढवतात. शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी होतात आणि गाठीची कोरी राहिली, तर दुरुस्ती बिघडलेली. हा बिघाड आनुवंशिक असू शकतो, म्हणून पुढची तपासणी भावंडं आणि मुलं यांचीही.