डावीकडे वळलं की फ्यूज

डावीकडे हँडल पूर्ण वळवलं की गाडी मरायची. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, सेल्फ मारला तर टिकसुद्धा नाही. दोन दिवसांत तीन फ्यूज उडाले. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजात उंच हँडल बसवून घेतलं होतं. तिथे म्हणाले, बॅटरी बदला. मी बॅटरी न घेता आमच्या वायरिंगवाल्या मामांकडे गेलो.

मामांनी बॅटरीला हातही लावला नाही. ‘हँडल बदलल्यापासून होतंय ना? मग हँडलापासूनच बघू.’

मोटरसायकलची चेसिस हीच अर्धी वायर असते. बॅटरीची निगेटिव्ह तिला जोडलेली असते, त्यामुळे पॉझिटिव्हचं उघडं तांबं चेसिसला कुठेही टेकलं की शॉर्ट. प्रश्न एवढाच, की कुठे टेकतंय? दर वेळी नवा फ्यूज जाळून ते कळत नाही. मामांनी फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडला. त्याआधी हेडलाईटचा कपलर काढला, नाहीतर तिच्याच करंटवर बल्ब पेटायचा. 1 एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाईट बंद करायचं बटणच नाही, म्हणून कपलर काढण्यावाचून इलाज नसतो.

चावी लावली. बल्ब मंद. मामा हँडल इंच इंच डावीकडे नेत होते, नजर बल्बवर. शेवटच्या दोन बोटांत बल्ब भक्कन पेटला. उजवीकडे आणलं, पुन्हा मंद. मग त्यांनी बोटांनी वायरींचा जुडगा चाचपत थेट हँडल जिथे अडतं त्या टी-स्टेमच्या स्टॉपरपाशी आणला. स्लीव्ह चेपली होती, आत लाल वायरीचं तांबं नखाएवढं उघडं.

उंच हँडलामुळे वायरी ताणल्या गेल्या होत्या. गॅरेजवाल्याने त्या क्लिपमधून सोडवून सरळ ओढल्या, म्हणून त्या स्टॉपरमध्ये सापडल्या. शिवाय हँडलवरच्या स्विचच्या आतली प्लास्टिकची पिन कापलेली. ती पिन हँडलच्या भोकात बसते. नव्या पाइपाला भोक नव्हतं, म्हणून पिनच छाटली. मग स्विच फिरतो, वायरीला पीळ बसतो. भोक पाडून कडा घासायला दहा मिनिटं लागली असती. एवढ्या वेळासाठी पिन छाटणारा माणूस मला अजिबात पटत नाही. फ्यूज उडतो म्हणून तिथे तांब्याची तार घालणारा तर त्याहून वाईट: मग फ्यूजऐवजी आख्खं वायरिंग जळतं.

मामांनी तेवढी वायर कापून बोटभर नवा तुकडा जोडला, वर स्लीव्ह चढवली, जुडगा वळसा देऊन क्लिपमध्ये बसवला. दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण फिरवून ढील पाहिली. मग बल्ब काढून फ्यूज घातला. पुढचा ब्रेक दाबून मागचा लाल दिवा पाहिला, क्लच दाबून गिअरमध्ये सेल्फ मारला. हँडल बदलताना ब्रेक-क्लचचे हे दोन बारीक स्विच जोडायचे राहतात म्हणे.

‘जा, कोपऱ्यावरून यू-टर्न मारून या,’ मामा म्हणाले. ‘डावीकडूनच.’