जपानी व अमेरिकन व्यावसायिक कुस्ती : एक भेद

व्यावसायिक कुस्तीचा निकाल अगोदर ठरलेला असतो, ही गोष्ट जपान व अमेरिका या दोन्ही देशांस सारखीच लागू आहे. भेद आहे तो प्रेक्षकाने कशावर विश्वास ठेवावयाचा, याविषयी.

अमेरिकेत दूरचित्रवाणीमुळे मल्लाचे सोंग, त्याची आव्हानाची भाषणे व रचलेल्या वैरकथा यांस प्राधान्य मिळाले. १९८९ साली तेथील सर्वांत मोठ्या संस्थेने आपला व्यवसाय क्रीडा नसून करमणूक असल्याचे न्यू जर्सी राज्यात उघडपणे मान्य केले. जपानी कुस्तीने मात्र क्रीडेचे रूप कसोशीने जपले. १९७२ साली स्वतंत्र संस्था स्थापन करणाऱ्या अंतोनिओ इनोकीने पकडी, जोरकस प्रहार व सहनशक्ती यांवर भर दिला. १९७६ साली तो मुष्टियोद्धा मुहम्मद अली याच्याशीही टोकियोत लढला.

या गांभीर्याचे मूळ इतिहासात आहे. परकीय लष्करी अंमल १९५२ साली संपला, आणि १९५४ साली रिकिदोझान या माजी सुमो मल्लाचे शार्प बंधूंशी झालेले सामने पाहण्यास रस्त्यांवरील दूरचित्रवाणी संचांभोवती लोकांची दाटी झाली. धिप्पाड अमेरिकनास आपला मल्ल लोळवितो, यात पराजित राष्ट्रास दिलासा लाभला. वस्तुतः शार्प बंधू कॅनडाचे होते, आणि रिकिदोझान जन्माने कोरियन होता. ही दुसरी गोष्ट तर प्रेक्षकांपासून लपविण्यात आली होती.

सारांश, सोंग जपानी आखाड्यातही होतेच. अमेरिकेत ते व्यक्तीचे होते, येथे आरंभी राष्ट्राचे होते. म्हणूनच ते खरे वाटणे अधिक निकडीचे ठरले.