वर्गणीची पावती आणि ऑनलाइन ‘टिप’

जुन्नर-आंबेगावात यात्रेची वर्गणी दिली की पावती हातात पडते, हिशेब कुणालाही विचारता येतो. ऑनलाइन क्राउडफंडिंगवर देणगीदार कुरकुरतात ते नेमके इथेच. ‘शून्य शुल्क’ वाचून हजार रुपये भरायला जावं, तर अनेक ठिकाणी खाली संकेतस्थळासाठीच्या टिपेचा आकडा आधीच भरलेला! तो बदलता येतो हो, पण घाईत किती जण बदलतात? कर्मचारी, पडताळणी, सर्व्हर यांना पैसा लागतो, हे मान्य. शिवाय २०२१ मध्ये भोसरीच्या एका चिमुरडीच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनीच ऑनलाइन पैसे उभे केले. ते गावच्या पावतीपुस्तकाच्या आवाक्यातलं नव्हतंच. पण म्हणूनच खर्च घ्यायचा तर उघड सांगून घ्यावा. तोवर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात का, एवढं बघूनच बटण दाबा.