वाघोबाचा धबधबा

आषाढ संपत आला. भाताची आवणी उरकली. डोंगर हिरवेगार झाले. अशा दिवसांत पालघरहून मनोरच्या रस्त्याने जावे. वाटेत वाघोबा खिंड लागते. खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. येणारा-जाणारा तेथे हात जोडतो. तेथून जवळच डोंगरावरून पांढरेशुभ्र पाणी खाली उडी घेते. हाच वाघोबाचा धबधबा.

रविवारी तेथे गर्दी होते. पालघरच्या कॉलेजातली मुले येतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले कामगार बायकामुलांना घेऊन येतात. आठवडाभर यंत्रापाशी राबलेल्या माणसाला गार तुषार अंगावर घ्यावेसे वाटणारच. त्यात वावगे काही नाही.

पण हा धबधबा होतो कसा?

आपले डोंगर काळ्या दगडाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला. तो पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा रस आला. असे थरावर थर साचले. काही थर टणक, काही ठिसूळ. वाहते पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते. टणक थर तसाच राहतो. मग तेथे पायरी होते, आणि पायरीवरून पाणी खाली पडते.

वरून पडणारे पाणी खालचा दगडही कोरते. त्यामुळे धबधब्याच्या पायथ्याशी बहुधा डोह असतो. वरून तो उथळ दिसतो. आत मात्र तो किती खोल आहे, हे कळत नाही. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी माणसाला नीट उचलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तेथे दमतो.

आपल्याच जिल्ह्यात जव्हारजवळ काळमांडवी नावाचा धबधबा आहे. जागा फार सुंदर. २ जुलै २०२० रोजी तेथे काही तरुण गेले होते. फोटो काढताना दोघे पाण्यात पडले. त्यांना वाचवायला तिघांनी उड्या टाकल्या. पाचही जण बुडाले. पाच घरांतले दिवे विझले.

मग काय करावे? धबधब्याला जाऊच नये का? जावे की! पण पाणी वाचायला शिकावे.

पाणी कसे वाचायचे? नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, तर समजावे की वर डोंगरात जोराचा पाऊस झाला आहे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी लोंढा येऊ शकतो. अशा वेळी चपला, डबे शोधत बसू नये. मुलांना उचलावे आणि उंच जागी जावे. जोराचे पाणी गुडघाभर असले तरी माणसाला पाडते. शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नये. दारू पिऊन तर पाण्याजवळ मुळीच जाऊ नये.

कोणी बुडत असेल तर काय करावे? आपण उडी टाकू नये. बुडणारा माणूस घाबरून मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरूनच दोर, साडी किंवा लांब बांबू त्याच्याकडे टाकावा. झाकण लावलेला रिकामा डबा टाकला तरी त्याला आधार होतो. बाकीच्यांनी ओरडून माणसे जमवावीत. ११२ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहे.

पावसाळ्यात सरकार कधी कधी धबधब्यावर जायला बंदी करते. काही ठिकाणी तसा फलक लावलेला असतो. पूर्वी तो फलक म्हणजे नुसत्या रेघोट्या वाटत. आता तुम्हांला अक्षरे येतात. थांबा, फलक वाचा. शेजारच्यालाही वाचून दाखवा.

आणि एक गोष्ट. शहरातला पाहुणा आपला ओढा ओळखत नाही. तुम्ही ओळखता. पाणी कुठे खोल आहे, दगड कुठे निसरडा आहे, हे तुम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे. तो पुढे जाताना दिसला तर गप्प बसू नका. “दादा, तिकडे जाऊ नका, डोह आहे,” एवढे सांगा. तुमच्या एका शब्दाने कोणाचे तरी पोर संध्याकाळी सुखरूप घरी जाईल.