कर्करोगातील कॅल्शियमवृद्धी : भस्म देण्यापूर्वी

मुंबईत कर्करोगाचे उपचार घेऊन चिखलीस परतलेला रुग्ण अतितृष्णा, बहुमूत्रता, मलावरोध व हृल्लास घेऊन आपल्याकडे येतो. पित्तप्रकोप समजून शंखभस्म वा प्रवाळपिष्टी योजण्याचा मोह होतो. परंतु ही सुधावर्गातील द्रव्ये कॅल्शियमचीच होत. स्तन, फुफ्फुस व अस्थिमज्जेच्या कर्करोगात अस्थिक्षय होऊन रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते. ते प्रति डेसिलिटर १४ मिलिग्रॅमपुढे गेल्यास जीवितास धोका संभवतो. विरेचनाने जलक्षय अधिकच वाढतो. म्हणून प्रथम कॅल्शियम तपासावे. अल्ब्युमिन कमी असता खरी वृद्धी झाकली जाते, म्हणून तेही पाहावे. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णास सुधाद्रव्ये परस्पर देऊ नयेत. संभ्रम वा तंद्रा दिसताच शिरेवाटे सलाईन व झोलेड्रॉनिक आम्ल देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे. अशा प्रसंगी वेळेवर पाठविणे हीच चिकित्सा होय.